गोधडीचं पोट

क्विल्टिंग शिकवणारी बहुतेक इंग्रजी पुस्तकं पाव इंचाच्या शिवणीपासून सुरू होतात. जपानच्या ओल्फा कंपनीने 1979 मध्ये कापड कापायचं गोल फिरतं पातं आणलं आणि पहिल्या प्रकरणाचा साचाच ठरून गेला: पातं, कापायची चटई, पट्टी, चौकोन. नेमकं कापायला शिकायचं तर ही पुस्तकं उत्तमच. पाव इंचाऐवजी सूतभर जास्त कापड शिवणीत गेलं, तर बारा तुकड्यांची ओळ पावणेतीन इंचांनी आखडते, हे त्यांच्यामुळेच कळतं. मधल्या थराला मात्र जेमतेम एक पान. कापसाची तयार बॅटिंग आणा, आत घाला, संपलं.

गीता खंडेलवाल यांचं ‘गोधरीज ऑफ महाराष्ट्र’ आणि पॅट्रिक फिन यांचं ‘क्विल्ट्स ऑफ इंडिया’ या दोन्ही पुस्तकांनी आपल्याकडच्या गोधड्यांकडे नीट बघायला शिकवलं. पण फोटोत दिसतो तो वरचा थर. गोधडीचं पोट बघायचं तर शिवणाऱ्या बाईच्या शेजारी जमिनीवर बसावं लागतं.

नागपुरात महाल भागातल्या काकूंकडे मी तशी बसले. त्यांनी पोटात घालायला सुती नऊवारी लुगडं काढलं होतं, वापरून वापरून मऊसूत झालेलं. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. दुमडून पुन्हा दुमडलं की दोन मीटर लांबीचे चार थर होतात आणि पन्हा एका माणसाला पुरतो. खाली अस्तर, वर ठिगळांचा थर, चारी कोपऱ्यांवर वजनाला वरवंटा, पाटा, मिळेल ते. मग लांब लांब कच्चे टाके.

पक्का धावदोरा घालायला मी पुस्तकात सांगितल्याप्रमाणे मधोमध सुई टोचली. तिथून बाहेर गेलं की सुरकुत्या कडेला सरकतात, असा त्यामागचा हिशेब.

“मधून काऊन सुरू करून राहिली? काठ धर आधी,” काकू म्हणाल्या.

त्यांचा टाका काठाने निघतो, चारी बाजू फिरून बोटभर आत येतो, पुन्हा फिरतो. डावा तळवा कापड सारखं करत सुईच्या पुढे चालतो. कापडाचा फुगवटा मध्यभागी साचायला हवा, पण साचत नाही. जुनं सूत नरम असतं. प्रत्येक टाका थोडी थोडी सैल जागा ओढून घेतो, आणि गोधडीवर बारीक लाटा उठतात त्या यामुळेच. कोऱ्या, खळीच्या कापडावर हाच प्रकार केला की मधे चुण्या पडतात. म्हणून पोटात जुनं कापड घालायचं ते केवळ काटकसर म्हणून नव्हे, काठाकडून आत येणारी ही शिवणच त्याच्या भरवशावर चालते.

टाके किती जवळ हवेत, हेही पोटच ठरवतं. सुटा कापूस धुण्यात गोळा होतो. बॅटिंगच्या पाकिटावर दोन ओळींमधलं जास्तीत जास्त अंतर छापलेलं असतं ते त्यासाठीच. सलग लुगडं जागचं हलत नाही, तिथे ओळी थोड्या विरळ चालतात. आत चिंध्या भरल्या असतील तर मात्र एकेक चिंधी टाक्यात सापडलीच पाहिजे, नाहीतर पहिल्याच धुण्यात ती कोपऱ्यात जाऊन बसते.

क्विल्टिंगचं पुस्तक घ्यायचं असेल, तर दुकानात उभ्या उभ्या आधी मधल्या थराचं पान काढून वाचा. तिथे ‘काय घाला’ याबरोबर ‘का’ही सांगितलं असेल, तर बाकीच्या पुस्तकावर विश्वास ठेवायला हरकत नाही.