मशीन ओढत नाही

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर पावसाळी मासेमारी बंदी १ जूनला लागते आणि ३१ जुलैला संपते. या ६१ दिवसांत मालवण, तारकर्ली, देवबागच्या होड्या माडांखाली झावळ्या पांघरून असतात आणि त्यांची आउटबोर्ड मशीनं पडवीत लाकडी घोडीवर टांगलेली. बंदी उठते, नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण होतो आणि मशीन दुरुस्त करणाऱ्याच्या दारात गर्दी होते. तक्रार बहुधा एकच: मशीन सुरू होतं, पण ओढत नाही. मालक शपथेवर सांगतो, मे महिन्यात अगदी व्यवस्थित होतं. तो खोटं बोलत नसतो. बिघाड पडवीतच झालेला असतो.

हे यंत्र तसं साधं आहे. नॉर्वेत जन्मलेल्या आणि अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये वाढलेल्या ओले एव्हिनरूड यांनी १९०९ साली मिलवॉकीत त्याची विक्री सुरू केली, तेव्हा ते दीड अश्वशक्तीचं, एका सिलिंडरचं होतं. त्यांच्या आधीही काहींनी असे प्रयत्न केले होते, पण बाजार उभा केला तो एव्हिनरूड यांनी आणि धंद्याची बाजू सांभाळणाऱ्या त्यांच्या पत्नी बेस यांनी. वर इंजिन, मधून खाली जाणारा उभा दांडा, तळाशी गिअर आणि पंखा, ही मांडणी आजही तीच आहे. टू-स्ट्रोक मशीन मच्छीमारांना आवडतं ते त्याच्या साधेपणामुळे. झाकण काढलं की अर्धं इंजिन समोर दिसतं. पण हाच साधेपणा गोत्यातही आणतो. जो तो आधी कार्बोरेटर खोलायला बसतो.

जाणता मिस्त्री पान्याला हात लावण्याआधी प्रश्न विचारतो. कधी ओढत नाही? सुटताना, की पूर्ण वेगात? दहा मिनिटांनी बंद पडतं आणि जरा थांबलं की पुन्हा सुरू होतं का? शेवटच्याचं उत्तर 'हो' आलं, तर तो आधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बघतो. तो आवळलेला राहिला की पेट्रोल उपसलं जातं तशी टाकीत पोकळी तयार होते आणि नळीतला रबरी गोळा आत ओढला जाऊन चपटा दिसतो. स्क्रू सैल केला की काम झालं. बिल किती लावायचं, हा प्रश्न उरतो. उलट, चालू मशीन मरायला लागल्यावर गोळा दाबत राहिलं की सावरत असेल, तर पेट्रोल पंपाचा पडदा थकलेला असतो किंवा नळीच्या जोडात कुठेतरी हवा शिरत असते. जोडातली रबरी चकती काही रुपयांची असते, पण तिच्यापायी लोक सबंध मशीन विकायला निघालेले असतात.

इंधन हाच मोठा संशयित, आणि हल्ली तो जास्तच संशयास्पद झाला आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी शोषतं, आणि कोकणातल्या जून-जुलैच्या हवेत पाण्याला काय तोटा! अर्धवट भरलेल्या टाकीत ओलावा साचत जातो. एका मर्यादेनंतर इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळं होतं आणि तळाशी बसतं. इंजिन पेट्रोल घेतं तेही तळातूनच. टू-स्ट्रोकमध्ये यात आणखी एक धोका आहे. वंगणाचं ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं आणि ते वरच्या थरातच राहतं. म्हणजे मशीन नुसतं अडखळत नाही, ते काही वेळ वंगणाशिवाय फिरतं. तपासायला यंत्र लागत नाही. टाकीच्या तळातलं इंधन पारदर्शक बाटलीत काढून तासभर ठेवलं की मधली रेघ दिसते. मग जुनं इंधन टाकून द्यायचं. त्यात नवं मिसळून 'चालवून टाकू' म्हणणारे पिस्टन बदलून घेतात.

कार्बोरेटरची पाळी यानंतर. वाटीत राहिलेलं पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट थर सोडतं. त्याने जेटची केसाएवढी भोकं बुजतात. छोटा जेट बुजला तर मशीन मंद चालीवर मरतं, मोठा बुजला तर वेग चढत नाही. चोक ओढल्यावर सुधारणा दिसली, तर इंधन कमी पडतंय हे पक्कं. अशा वेळी चोक अर्धा ओढून धंदा करणं ही शुद्ध आत्महत्या आहे, कारण इंधन कमी म्हणजे ऑइलही कमी.

ठिणगीचं काम त्यामानाने पटकन होतं. प्लग काढून बघायचे. तपकिरी असतील तर ठीक, ओले काळे असतील तर त्या सिलिंडरमध्ये जाळ पेटत नाही, पांढरे पडले असतील तर आत उष्णता वाढली आहे. चालू इंजिनच्या प्लगची टोपी उपटून बघण्याची जुनी खोड मात्र सोडावी. इलेक्ट्रॉनिक इग्निशन त्याने जळू शकतं.

देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथे मामला वेगळा. भरती-ओहोटीत वाळूचे पट्टे सरकत राहतात, पाणी उथळ, आणि मशीन थंड होण्यासाठी जे पाणी खेचतं त्यातून वाळूही येते. पाणी खेचणाऱ्या इम्पेलरच्या रबरी पाकळ्या तिने झिजतात. शिवाय दोन महिने एकाच जागी वाकून राहिल्यावर त्या ताठतात. मशीनच्या मागून पाण्याची बारीक धार येते की नाही, हे सुरू करताच पाहायचं. धार नसेल तर लगेच बंद. पण धार नाही म्हणून लगेच इम्पेलर बदलू नये. पावसाळ्यात कुंभारीण माशी धारेच्या भोकात मातीचं घर बांधते. आधी तांब्याची बारीक तार घालून बघावी. आणि हे सगळं पाण्याच्या पिंपात मशीन बुडवून करायचं. कोरडं फिरवलं तर नवा इम्पेलरही मिनिटभरात जातो.

एवढं करूनही होडी ओढत नसेल आणि इंजिनचा आवाज मात्र नेहमीपेक्षा चढत असेल, तर इंजिनला सोडा आणि पंख्याकडे या. पंख्याच्या मध्ये रबराचा गाभा असतो. पंखा खडकावर आदळला तर गिअर वाचावेत म्हणून तो सरकतो. एकदा सरकलेला गाभा मंद चालीत धरून ठेवतो, जोर दिला की घसरतो. गाभ्यावरून पंख्यापर्यंत रंगाची एक सरळ रेघ मारायची आणि होडी जोरात फिरवून आणायची. रेघ तुटलेली दिसली की निदान झालं. तळाला चिकटलेलं शेवाळ-कालवं आणि मागे दाटीने बसवलेले पर्यटकही होडीचा वेग असाच खातात, पण ते दोष मालकाला सांगितलेले आवडत नाहीत.

पंखा काढलाच आहे तर दांड्यावर मासेमारीची नायलॉन दोरी गुंडाळली आहे का तेही बघून घ्यावं. ती आत शिरून सील कापते आणि गिअरच्या ऑइलमध्ये समुद्र जातो. खालचा स्क्रू किंचित सैल केल्यावर ऑइल दुधाळ आलं, तर त्या दिवशी होडी पाण्यात जात नाही, वर इंजिन कितीही सुरेल चालत असलं तरी.