बिडाचा तडा आणि त्याचा निवाडा

दादरा आणि नगर हवेलीतील औद्योगिकीकरणाचा आरंभ १९६५ मध्ये पिपरिया येथे झाला आणि मसाटची औद्योगिक वसाहत १९७८ मध्ये उभी राहिली. पुढे करसवलतींमुळे सिल्वासाच्या आसपास कारखान्यांची दाटी झाली व त्यांत पॉलिस्टरच्या सपाट धाग्याला उष्णतेने पीळ आणि फुगीरपणा देणारे, म्हणजे टेक्श्चरायझिंगचे, कारखाने मोठ्या संख्येने आले. अशा कारखान्यात वीज क्षणभर गेली तरी यंत्रावरचे धागे तुटतात आणि ते एकेक करून पुन्हा ओवावे लागतात. डिझेल जनित्राने हा पहिला फटका टळत नाही, परंतु संपूर्ण पाळी वाया जाण्याचे संकट टळते, आणि म्हणून मोठ्या कारखान्याच्या आवारात कोठेतरी पत्र्याच्या ध्वनिरोधक पेटीत बंद केलेले एक इंजिन आपल्या पाळीची वाट पाहत असते. वर्षातले बहुतेक दिवस स्वस्थ उभे राहायचे आणि हाक आली की काही सेकंदांत थंड अंगाने पूर्ण भार उचलायचा, हा त्याचा जीवनक्रम इंजिनाच्या सिलिंडरला फारसा मानवणारा नाही.

सिलिंडरवर पडणाऱ्या ताणाची कल्पना येण्यासाठी जनित्राच्या मोठ्या इंजिनाकडे जाण्याचीही गरज नाही. महाराष्ट्रातील शेतकऱ्याला आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांतील प्रयोगशाळांना सारखेच परिचित असलेले किर्लोस्करांचे टीव्ही-१ हे एक सिलिंडरचे, पाण्याने थंड होणारे इंजिन घेतले, तर त्याच्या सिलिंडरचा व्यास, म्हणजे बोअर, ८७.५ मिलिमीटर असतो व दट्ट्याचा फेरा ११० मिलिमीटरचा असतो. ज्वलनाच्या क्षणी आतील दाब वातावरणाच्या सुमारे साठपट झाला, असे धरले तरी दट्ट्यावर आणि तितकाच वरच्या हेडवर साडेतीन टनांहून अधिक जोर येतो, आणि मिनिटाला १५०० वेळा फिरणाऱ्या या चार फेऱ्यांच्या इंजिनात हा धक्का मिनिटाला ७५० वेळा, तासाला ४५,००० वेळा बसतो. सिलिंडरच्या भिंतीच्या दुसऱ्या बाजूला मात्र पाणी फिरत असते आणि त्याचा दाब फार तर एखाद्या वातावरणाइतका असतो. तडा या दोहोंपैकी कोणत्या बाजूच्या धातूत आहे, यावर पुढचा बहुतेक निवाडा अवलंबून असतो. कारखान्याच्या मालकाला दुरुस्तीचा खर्च आणि नव्या भागाची किंमत हे दोनच आकडे हवे असतात. जाणता मिस्त्री आधी तड्याची जागा पाहतो, मग तडा कशाने गेला ते विचारतो, आणि पैशाची गोष्ट त्यानंतर काढतो.

‘सिलिंडर फुटला’ या एका वाक्यात वस्तुतः तीन निरनिराळे भाग येतात: लायनर, ब्लॉक आणि हेड. बहुतेक जड डिझेल इंजिनांत दट्ट्या ज्या नळीत चालतो ती नळी, म्हणजे लायनर, स्वतंत्र असते. ती ब्लॉकमध्ये बसवलेली असून तिच्या बाहेरून थेट पाणी फिरत असेल तर तिला ओला लायनर म्हणतात. लायनरला चीर गेली तर चर्चेचे कारणच उरत नाही, तो बदलायचा असतो, कारण तो बदलण्यासाठीच वेगळा केलेला आहे. परंतु नवा लायनर ठोकून बसवला की काम झाले, ही समजूत महागात पडते. लायनर वरच्या कॉलरखाली फुटला असेल, तर ब्लॉकमधील त्याची बैठक तिरपी झिजली असण्याचा संभव असतो, आणि तशा बैठकीवर हेडचे बोल्ट आवळले की नव्या लायनरची कॉलरही त्याच जागी मोडते. बैठकीची पातळी आणि लायनर ब्लॉकच्या पृष्ठाच्या किती वर राहतो, हे डायल गेजने मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजणे म्हणूनच अटळ ठरते. लायनरच्या बाहेरच्या अंगाला एका बाजूस बारीक खड्ड्यांची रांग दिसली, तर दोष पाण्याचा आहे असे समजावे: दट्ट्याच्या धक्क्याने लायनर थरथरतो, पाण्यात सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि धातू टोचला जातो. कूलंटऐवजी वर्षानुवर्षे बोअरवेलचे साधे पाणी ओतलेल्या, उभ्या राहणाऱ्या जनित्रांत हा रोग विशेष आढळतो.

खरा प्रश्न पडतो तो ब्लॉक आणि हेड यांच्या बाबतीत. हे भाग प्रायः बिडाचे, म्हणजे अडीच ते चार टक्के कार्बन असलेल्या ओतीव लोखंडाचे असतात. हा कार्बन ग्रॅफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपात धातूभर विखुरलेला असतो. त्यामुळे बीड कंप शोषून घेते, लेथवर सुबक कापले जाते, पण ताणले गेले की टपाल तिकिटाच्या छिद्रांवरून कागद फाटावा तसे त्या पापुद्र्यांवरून फाटत जाते. थंड देशांतील पुस्तके ब्लॉक फुटण्याच्या कारणांत गोठलेल्या पाण्याला पहिला मान देतात. मसाटला तसे होण्याचा संभव नाही. येथील नेहमीचे कारण असे की, पंख्याचा पट्टा सुटतो किंवा रेडिएटर कोरडा पडतो, इंजिन लाल होईपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही, आणि लक्षात आल्यावर घाबरून त्यात थंड पाण्याची बादली ओतली जाते.

तडा गेल्याची खूण बहुधा तेलात दिसते. तेल भरण्याच्या झाकणाखाली दुधट साय जमते, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येतात, पाणी कोठेही न गळता कमी होते. इंजिन उभे असताना पाणी सिलिंडरमध्ये उतरले असेल, तर अशा वेळी स्टार्टर मारणे हा शुद्ध अविचार होय, कारण पाणी दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. तरीही ही सर्व लक्षणे केवळ हेड गास्केट जळल्यानेही दिसतात. म्हणून ब्लॉक उघडून, धुऊन, पाण्याचे मार्ग पट्ट्यांनी बंद करून आत हवेचा दाब द्यावा व ब्लॉक गरम पाण्यात बुडवावा, म्हणजे थंडपणी मिटलेली चीर उघडून बुडबुडा सोडते. लाल रंगद्रव्य मुरवून वर पांढरा लेप देण्याची पद्धत आता सर्वत्र आहे. जुने फिटर हेच काम रॉकेल आणि खडूने करत: रॉकेल लावून पुसायचे, खडूची पूड फासायची आणि हलका हातोडा मारायचा, की पांढऱ्या पृष्ठावर ओली रेघ उमटते. या उपायाला आजही हसण्याचे कारण नाही.

दुरुस्तीच्या वाटा मुख्यतः दोन आहेत. वेल्डिंगमध्ये अडचण अशी की, वितळलेल्या भागाशेजारचे बीड झटकन थंड होऊन कठीण व ठिसूळ बनते आणि जोड टिकला तरी त्याच्या काठाने नवी चीर निघते. त्यावर उपाय म्हणून एकतर संपूर्ण भाग भट्टीत पाचशे-सहाशे अंश सेल्सिअसपर्यंत तापवून वेल्ड करतात व राखेत किंवा भट्टीतच सावकाश निववतात, नाहीतर निकेलयुक्त इलेक्ट्रोडने बोटाच्या पेराएवढा टाका घालून, तो गरम असतानाच हलके ठोकून, हात लावता येईल इतका थंड झाल्यावर पुढचा घालतात. दुसरी वाट उष्णतेविना चालते आणि तिला मेटल स्टिचिंग म्हणतात. तड्याच्या दोन्ही टोकांना भोक पाडून त्याची वाढ थांबवायची, तड्याला आडवी भोकांची रांग पाडून तीत मिश्रधातूच्या दातेरी पट्ट्या ठोकायच्या, मग तड्याच्या रेषेवर एकमेकांत थोडे घुसणारे आट्यांचे खिळे आवळून वरचा भाग घासून सपाट करायचा, असे ते काम असते. ते चिकाटीचे आणि महागही असते, पण बोअर वाकडा होत नाही.

दुरुस्तीच्या बाजूने एक जुना दाखला नेहमी दिला जातो. १९१७ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली तेव्हा तिच्या बंदरांत अडकलेल्या जर्मन जहाजांच्या खलाशांनी वाफेच्या इंजिनांचे बिडाचे सिलिंडर आधीच फोडून ठेवले होते. नवे सिलिंडर ओतावे असा काही जाणकारांचा सल्ला असता अमेरिकी नौदलाने विजेच्या वेल्डिंगचा धोका पत्करला, आणि ‘बार्बारोसा’सारखी जहाजे ‘मर्क्युरी’ अशी नवी नावे घेऊन सैनिकांना युरोपात पोहोचवू लागली. हा दाखला मोठा असला तरी डिझेल इंजिनाला तो जसाच्या तसा लावता येत नाही, कारण वाफेच्या सिलिंडरातील दाब आणि तापमान यांची डिझेलच्या ज्वलनाशी तुलनाच होत नाही. बाहेरच्या पाण्याच्या कप्प्याच्या भिंतीला गेलेला तडा निःशंक शिवावा. हेडमधील दोन व्हॉल्व्हच्या बैठकींमधल्या चिरेबाबत उत्पादकाच्या पुस्तकात मर्यादा दिलेली असल्यास ती पाहावी. क्रँकशाफ्टच्या मुख्य बेअरिंगच्या बैठकीपर्यंत किंवा हेडच्या बोल्टच्या भोकापर्यंत तडा पोहोचला असेल, तर ब्लॉक भंगारात घालणे हेच शहाणपण, मग वेल्डर कितीही हमी देवो.

नवा ब्लॉक घेण्यालाही आपले पाश आहेत. प्रचलित इंजिनांचे भाग मिळण्यास मसाटसारखी जागा सोयीची आहे, कारण मुंबई-अहमदाबाद महामार्ग वापीपाशी जवळच आहे, इंजिने बनवणारे मोठे कारखाने पुण्यात आहेत आणि कोल्हापूरच्या शिरोली व गोकुळ शिरगाव येथील फाउंड्र्यांतून बिडाचे ओतीव भाग देशभर जातात. ट्रकच्या बाबतीत मात्र इंजिन क्रमांक ब्लॉकवरच कोरलेला असतो, म्हणून ब्लॉक बदलला की परिवहन कार्यालयात नोंद बदलणे आले. ती न करता चालवलेले वाहन विम्याच्या दाव्याच्या वेळी मालकाला अडचणीत आणते. जनित्राचा पेच वेगळा आहे. १ जुलै २०२३ पासून ८०० किलोवॉटपर्यंतच्या नव्या जनित्रांना सीपीसीबी-४ प्लस ही उत्सर्जनाची कडक मानके लागू झाली असून त्यांतील बऱ्याच इंजिनांना इलेक्ट्रॉनिक इंधनयंत्रणा व धूर शुद्ध करणारी जोडणी लागते. साहजिकच जुने जनित्र टाकून नवे घेण्याचा खर्च पूर्वीच्या हिशेबात बसत नाही, आणि एरवी भंगारात गेला असता असा ब्लॉक शिवून घेण्याकडे कल वाढतो. हा कल समजण्यासारखा असला तरी शिवलेला ब्लॉक नव्यासारखा मानून लगेच पूर्ण भारावर लावू नये. प्रथम थोड्या भारावर चालवावा, पूर्ण थंड होऊ द्यावा, पुन्हा तापवावा, आणि अशा काही फेऱ्यांनंतर तेल काढून त्यात पाण्याचा अंश आहे की काय हे तपासूनच जनित्र वीजवाहिनीला जोडावे.