प्रोग्राम अडकलाय? मारण्याआधी त्याची जबानी घ्या

रात्री सिम्युलेशन लावून तुम्ही झोपलात. सकाळी बघता तर लॉगची शेवटची ओळ पहाटे २ ची. एरर नाही, क्रॅश नाही. प्रोसेस जिवंत आहे, पण काम पुढे सरकत नाही. अशा वेळी हात आपोआप कंट्रोल-सी कडे जातो. तो जरा थांबवा. अडकलेल्या प्रोग्रामचा पुरावा म्हणजे तो प्रोग्रामच. मारलात की पुरावा गेला, आणि तीच परिस्थिती पुन्हा कधी येईल याचा नेम नाही.

संशोधनात हा प्रश्न नुसत्या वेळेचा नसतो. समजा तुम्ही ४० रन केले, ३ अडकले, आणि उरलेल्या ३७ची सरासरी काढली. पण मोठ्या इनपुटवरच प्रोग्राम जास्त अडकत असेल तर? मग तुमची सरासरी गुपचूप लहान इनपुटकडे झुकली. म्हणून "कधीकधी अडकतो, परत लावला की चालतो" हे उत्तर थिसिसमध्ये चालणार नाही.

पहिला प्रश्न: वाट बघतोय की धावतोय?

लिनक्सवर 'टॉप' उघडा आणि मोठा एच दाबा, म्हणजे प्रत्येक थ्रेड वेगळा दिसेल. सगळे थ्रेड शून्य टक्के सीपीयूवर असतील तर ते कशाची तरी वाट बघत बसलेत: कुलूप, डिस्क किंवा नेटवर्क. एखादा थ्रेड १०० टक्क्यांवर असेल तर तो अडकलेला नाही, धावतोय. कदाचित न संपणाऱ्या लूपमध्ये, कदाचित नुसताच हळू. या दोन आजारांची औषधं वेगळी आहेत.

दुसरं काम: सगळ्यांचा स्टॅक घ्या

सी किंवा सी++ असेल तर जीडीबीला त्या प्रोसेसचा पीआयडी देऊन जोडा आणि 'थ्रेड अप्लाय ऑल बीटी' ही आज्ञा द्या. जावासाठी 'जेस्टॅक' आहे, पायथनसाठी 'पाय-स्पाय डम्प'. आउटपुट फाइलमध्ये ठेवा. मग दहा-वीस सेकंदांनी पुन्हा घ्या. एकच स्टॅक म्हणजे एकच फोटो. त्यावरून माणूस उभा आहे की चालतोय हे कळत नाही. दोन-तीन फोटो सारखेच आले, तर तो थ्रेड खरंच जागचा हललेला नाही असं समजायला जागा आहे.

तिसरं काम: कागदावर बाण काढा

कोणता थ्रेड कोणत्या कुलपासाठी थांबलाय आणि ते कुलूप कोणाकडे आहे, हे लिहून काढा. लिनक्सच्या नेहमीच्या सी लायब्ररीत म्यूटेक्स जीडीबीमध्ये प्रिंट केला तर त्यात 'ओनर' नावाची जागा दिसते. तिथला आकडा म्हणजे कुलूप धरून बसलेल्या थ्रेडचा नंबर. जीडीबीच्या यादीत एलडब्ल्यूपी म्हणून दिसतो तोच.

आता चित्र बघा. बाण फिरून पहिल्याच थ्रेडवर आले तर डेडलॉक. स्वयंपाकघरात एकाच्या हातात पोळपाट, दुसऱ्याच्या हातात लाटणं, आणि दोघंही म्हणतायत "तुझं दे, मग माझं देतो". पोळी काही होत नाही. कॉफमन आणि सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये डेडलॉकच्या चार अटी मांडल्या: वस्तू एका वेळी एकाकडेच, हातातली न सोडता दुसरीची वाट, हिसकावून घेता न येणं, आणि वाट बघणाऱ्यांचं वर्तुळ. चारातली एक मोडली की डेडलॉक होत नाही. सगळ्यात सोपी मोडायला शेवटची: सगळ्यांनी आधी पोळपाट, मगच लाटणं घ्यायचं. म्हणजेच कुलपांचा क्रम ठरवून टाका. सी++१७ मध्ये दोन्ही कुलपं एकदम घ्यायची असतील तर 'स्कोप्ड लॉक' हे काम करतो.

वर्तुळ नसेल, आणि थ्रेड कंडिशन व्हेरिएबलवर थांबला असेल, तर बहुतेक सिग्नल आधीच येऊन गेलाय. अट कुलूप धरूनच बदलता का, आणि तपासताना 'इफ' ऐवजी 'व्हाइल' वापरलाय का, हे बघा.

ओनर यादीतच नसेल तर?

हा प्रकार पायथनवाल्यांनी नीट वाचा. 'फोर्क' केल्यावर मुलाच्या प्रोसेसमध्ये मेमरीची पूर्ण नक्कल येते, पण थ्रेड मात्र एकच येतो: ज्याने फोर्क केला तो. त्या क्षणी दुसऱ्या थ्रेडने एखाद्या लायब्ररीचं आतलं कुलूप घेतलेलं असेल, तर मुलाकडे कुलूप लावलेल्या अवस्थेत येतं आणि किल्लीवाला जुन्या घरीच राहतो. ते कुलूप आता कोणीच उघडणार नाही. पायथन ३.१२ पासून अनेक थ्रेड असताना फोर्क केला तर इशारा मिळतो, आणि ३.१४ मध्ये लिनक्सवर मल्टिप्रोसेसिंगची डीफॉल्ट पद्धत 'फोर्क' वरून 'फोर्कसर्व्हर' झाली. जुनी आवृत्ती वापरत असाल तर 'स्पॉन' किंवा 'फोर्कसर्व्हर' स्वतः निवडा.

दोन मोह टाळा

मध्ये प्रिंट किंवा स्लीप घातला आणि अडकणं थांबलं, तर चूक सुटली असं समजू नका. थ्रेडांची वेळ थोडी सरकली, एवढंच. दुसऱ्या मशीनवर ते पुन्हा उगवेल. त्यापेक्षा सी++ कोड थ्रेड-सॅनिटायझर लावून छोट्या इनपुटवर चालवा. वेग साधारण ५ ते १५ पटींनी कमी होतो, पण कुलपं उलटसुलट क्रमाने घेतली जात असतील तर डेडलॉक प्रत्यक्षात न होताही तो बोट दाखवतो.

आणि जो रन अडकला त्याचं इनपुट, सीड, थ्रेडांची संख्या, कोडची आवृत्ती आणि स्टॅकच्या फाइली एका फोल्डरमध्ये ठेवा. दुरुस्तीनंतर आधी तेच रन पुन्हा लावा, तेही पुष्कळ वेळा. ते सगळे पूर्ण झाले, की मग सरासरी काढायला बसा.