पावसाळी सहलीला निघताय? आधी इशारा पाहा, मग डबा भरा

जुलैचा रविवार उजाडला, की पुण्या-मुंबईच्या गाड्या लोणावळा, ताम्हिणी, माळशेजकडे वळतात. डबे आदल्या रात्रीच ठरलेले असतात. पावसाचा अंदाज मात्र बऱ्याचदा घाटात पोहोचल्यावर पाहिला जातो, तोही नेटवर्क असेल तर. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. तेही सहलीलाच आले होते.

इशाऱ्याचा रंग काय सांगतो?

हवामान विभागाचा पिवळा इशारा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा आणि लाल म्हणजे तातडीने खबरदारी घ्या. नारिंगी किंवा लाल असेल तर घाटातली सहल पुढे ढकललेली बरी. आगाऊ भरलेले पैसे हे जाण्याचे कारण होऊ शकत नाही. जिल्हा प्रशासनाचा मनाई आदेश आहे का, हेही निघण्यापूर्वी पाहावे.

पाणी अचानक कसे वाढते?

धबधब्यापाशी ऊन असते, पण वर डोंगरमाथ्यावर सर कोसळत असते. सह्याद्रीच्या उघड्या कातळात पाणी फारसे मुरत नाही, तीव्र उतारावरून थेट ओढ्यात येते. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला, की त्याचा जोर चौपट होतो. पाणी गढूळ होणे, पाला-काटक्या वाहत येणे, आवाज वाढणे ही लक्षणे दिसताच सामान तिथेच सोडून काठावर यावे. पात्रातल्या खडकावर सतरंजी अंथरूच नये. जागा सुंदर असते, पण दोन्ही बाजूंनी पाणी वाढले तर परतीची वाट उरत नाही.

डब्यात काय न्यावे?

शिजवलेले अन्न दोन तासांहून अधिक काळ बाहेर ठेवू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पहाटे सहाला भरलेला पुलाव दुपारी एकला खाणे म्हणूनच धोक्याचे. ओल्या नारळाची चटणी आणि बटाट्याची भाजीही घरीच राहू द्यावी. दुधात मळलेल्या दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, लसणाची कोरडी चटणी, चिवडा, केळी हा जुना बेत अशा दमट हवेत जास्त भरवशाचा. गरम भजी तिथे मिळतातच. पिण्याचे पाणी मात्र घरचे घ्यावे. माकडे प्लास्टिकच्या पिशवीवर टपून असतात. डबे डिकीत ठेवावेत.

जीन्स भिजली की दिवसभर वाळत नाही, त्यामुळे पातळ कपडे आणि पकड असलेले बूट घालावेत. कपड्यांचा कोरडा जोड गाडीतच ठेवावा. नेहमीची औषधे, विजेरी, पॉवर बँक, कचऱ्यासाठी पिशवी सोबत हवी. मदतीसाठी क्रमांक ११२. मात्र अनेक ठिकाणी रेंज नसते, म्हणून कुठे जातोय आणि कधी परतणार हे घरी कोणाला तरी सांगून निघावे. घाटात धुके लवकर उतरते. चारच्या सुमारास आवराआवर सुरू केली, तर उजेडात खाली पोहोचता येते.