पोटातलं बाळ, पोलिसांची प्रयोगशाळा आणि रजेचं कॅलेंडर

आमच्या तळा तालुक्यात एखाद्या वाडीवर संशयास्पद मृत्यू झाला, तर पोलीस ठाण्याला खबर देणं हे पोलीस पाटलाचं काम. मग पंचनामा, शवविच्छेदन, आणि विषबाधेची शंका असली तर व्हिसेरा. म्हणजे जठर, यकृत, मूत्रपिंड यांचे भाग मिठाच्या संपृक्त द्रावणात घालून सील केलेल्या बरण्या. (फॉर्मॅलिनमध्ये नाही बरं का, त्याने विषाची तपासणी बिघडते.) त्या बरण्या घेऊन एक शिपाई मुंबईला कलिन्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातो.

या साखळीत आपल्याला खाकी वर्दी तेवढी दिसते. पण ११२ चा फोन उचलणारी, अलिबागच्या एसपी ऑफिसात फाईल पुढे सरकवणारी लिपिक, बरणी उघडून विष शोधणारी वैज्ञानिक, या कुणीच पोलीस नाहीत. काही गावांत पोलीस पाटीलही बाईच असते. गणपतीत महामार्गावर बंदोबस्ताला उभी असलेली होमगार्ड वर्दीत असते खरी, पण कायद्याच्या भाषेत ती स्वयंसेवक. महिला पोलिसांबद्दल थोडंफार बोललं जातं. २०२१ मध्ये त्यांची ड्युटी १२ तासांवरून ८ तासांवर आणायचा आदेश निघाला तेव्हा बातम्याही आल्या. या बिनवर्दीच्या बायकांपैकी कुणी गरोदर राहिली तर काय, यावर मात्र फारसं काही वाचायला मिळत नाही. माझं संशोधन जड धातूंवर आहे, त्यामुळे मी या विषयात शिशाच्या दारातून शिरलो. आत गेल्यावर कायदेही वाचावे लागले.

आधी रजा. एसपी ऑफिसातली लिपिक आणि सरकारी प्रयोगशाळेतली वैज्ञानिक यांना महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ लागू होतात. दोनपेक्षा कमी हयात अपत्यं असतील तर १८० दिवसांची पगारी प्रसूती रजा. हे चांगलंच आहे. कंत्राटी कर्मचाऱ्यांसाठी १९६१ चा मातृत्व लाभ कायदा आहे. तो आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेलाय, मूळ तरतुदी साधारण त्याच. मागच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम केलं असेल तर पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे. रोजंदारीवरच्या बायकांनाही हा लाभ द्यावाच लागेल असं सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये दिल्ली महापालिकेच्या खटल्यात सांगितलं. कंत्राटाची मुदत मध्येच संपली तरी लाभ थांबत नाही, हे २०२३ मध्ये डॉ. कविता यादव यांच्या खटल्यात स्पष्ट झालं. डेटा एंट्री ऑपरेटर म्हणून एजन्सीमार्फत लागलेल्या बाईला ‘तुझं कंत्राट संपलं, आता कसली रजा’ असं कुणी म्हणालं तर हा निकाल तिला माहीत हवा. होमगार्डला मात्र ज्या दिवशी ड्युटी त्याच दिवसाचा भत्ता. सातव्या महिन्यात बंदोबस्ताला उभं राहणं झालं नाही, की तिचं त्या दिवसाचं उत्पन्न शून्य.

आता माझा मुख्य मुद्दा. रजा म्हणजे सुरक्षा, असं आपण गृहीत धरतो. पण तारखा मांडून बघा.

१९६१ च्या कायद्यात रजेशिवाय सुरक्षेचीही एक तरतूद आहे. बाईने विनंती केली तर तिला कष्टाचं किंवा फार वेळ उभं राहायचं काम देता येत नाही. कधीपासून? अपेक्षित प्रसूतीच्या सहा आठवडे आधीचा जो महिना, तिथपासून. गर्भारपणाचे ४० आठवडे धरले तर हे संरक्षण साधारण तिसाव्या आठवड्याला सुरू होतं. प्रसूतीपूर्व रजा जास्तीत जास्त आठ आठवडे, म्हणजे बत्तिसाव्या आठवड्यापासून. रजा नियमांत तर एवढंही नाही. ते नावाप्रमाणे रजेबद्दलच बोलतात.

आणि शरीराचं कॅलेंडर? शेवटच्या पाळीपासून मोजलं तर बाळाच्या मज्जासंस्थेची नळी साधारण सहाव्या आठवड्यात बंद होते. दहाव्या आठवड्यापर्यंत बहुतेक अवयवांची मांडणी झालेली असते. रसायनांचा धोका सगळ्यात जास्त याच काळात. तेव्हा ऑफिसात कुणाला माहीतही नसतं. आपल्याकडे तीन महिने पूर्ण होईपर्यंत बाहेर सांगायचं नाही अशी रीतच आहे. म्हणजे धोका सहाव्या आठवड्यात आणि कायद्याची छत्री तिसाव्यात.

प्रयोगशाळेत हे फार महत्त्वाचं ठरतं. ऊतकांतून विष वेगळं काढायला सेंद्रिय द्रावकं लागतात. टोरंटोमध्ये कामावर अशा द्रावकांशी संबंध आलेल्या १२५ गरोदर बायकांची तेवढ्याच इतर गरोदर बायकांशी तुलना केली होती (१९९९). पहिल्या गटात मोठे जन्मदोष असलेली १३ बाळं निघाली, दुसऱ्यात एक. अभ्यास लहान आहे, त्यावरून सरसकट विधान करू नये. पण एक तपशील लक्षात ठेवण्यासारखा आहे: त्या १३ पैकी १२ जणींना काम करताना स्वतःलाच त्रास जाणवला होता. म्हणजे वाफा हुंगल्या जात होत्या. धूर ओढून घेणारं कपाट, ज्याला आपण फ्यूम हूड म्हणतो, ते नीट चालतंय का, हा प्रश्न रजेच्या अर्जापेक्षा आधीचा आहे.

रात्रपाळीचं वेगळं. ११२ रात्री बंद होत नाही. डेन्मार्कमध्ये २२,७४४ गरोदर बायकांच्या पगारपत्रकांवरून कोण कुठल्या रात्री कामावर होती ते पाहिलं गेलं (२०१९). आठव्या आठवड्यानंतर ज्यांनी एका आठवड्यात दोन किंवा जास्त रात्रपाळ्या केल्या, त्यांच्यात पुढच्या आठवड्यात गर्भपाताची शक्यता ३२ टक्क्यांनी जास्त दिसली. हा आकडा वाचून घाबरायचं नाही. शंभरातल्या ३२ जणींचा गर्भपात झाला असा त्याचा अर्थ नाही. समजा एरवी हजारात १० जणींचा होत असेल, तर १३ जणींचा होईल, असं. शिवाय यात बहुतेक हॉस्पिटलांत काम करणाऱ्या होत्या, आणि संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झालं असं नाही. तरी आठवड्याला एकच रात्रपाळी लावणं एवढ्या स्वस्तातला उपाय असताना तो न करण्याचं कारण मला दिसत नाही.

आता शिसं. प्रयोगशाळेच्या बॅलिस्टिक्स विभागात बंदूक तपासायची तर ती झाडून बघावी लागते. गोळीत शिसं असतं आणि ती पेटवणाऱ्या टोपीतही बहुधा शिशाचं संयुग असतं. बार उडाला की बारीक धूळ हवेत, हातावर, कपड्यांवर. शरीर शिशाला कॅल्शियम समजतं आणि हाडांत साठवतं. तिथे ते वर्षानुवर्षं राहतं. गरोदरपणात बाळासाठी हाडांतलं कॅल्शियम बाहेर पडायला लागलं की सोबत जुनं शिसंही रक्तात येतं आणि नाळेतून बाळापर्यंत जातं. म्हणजे इथे सहाव्या आठवड्यात सांगूनही उशीरच झालेला असतो. चार वर्षांपूर्वी घेतलेली धूळ आज मोजली जाते, आणि कितीही लांब रजा तिला मागे नेऊ शकत नाही. त्यात आवाज आहेच. कानावर लावलेलं मफ आईचं रक्षण करतं, पोटातल्या बाळाचं नाही. विसाव्या आठवड्यानंतर ११५ डेसिबलपेक्षा मोठा आवाज टाळा, असं अमेरिकेची निऑश ही संस्था सांगते.

यावर पहिला सुचणारा उपाय म्हणजे बायकांना तिथे घ्यायचंच नाही. अमेरिकेतल्या जॉन्सन कंट्रोल्स या बॅटरी कंपनीने नेमकं हेच केलं: मूल होऊ शकणाऱ्या बायकांना शिशाच्या कामावरून बाद. १९९१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हे बेकायदा ठरवलं. मला तो निकाल विज्ञान म्हणूनही पटतो, कारण शिसं पुरुषांच्या शुक्रजंतूंनाही सोडत नाही, आणि बापाच्या कपड्यांवरून ते घरी येतंच. सराव करून आलेल्या पोलिसाचा गणवेश बाळाच्या दुपट्यांबरोबर धुवायचा नाही, हे खरं तर प्रत्येक पोलीस लाईनीत सांगायला हवं. बापाचा विषय निघालाच आहे तर: केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला १५ दिवसांची पितृत्व रजा आहे. राज्याने २०१८ मध्ये १८० दिवसांची बालसंगोपन रजा दिली, पण पुरुषाला ती पत्नी हयात नसेल किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळली असेल तरच.

ब्रिटनने १९९९ च्या नियमांत वेगळी वाट काढली. कामाच्या जागी मूल होण्याच्या वयाच्या बायका असतील, तर कुणी गरोदर असो वा नसो, त्या कामातले धोके मालकाने आधीच तपासून ठेवायचे. कुणी कळवलं की कागद तयार असतो: हे काम चालेल, हे बदलायचं, ते जमत नसेल तर पगारासह सुट्टी. तपासणी कामाची होते, बाईची नाही, त्यामुळे तिला सहाव्या आठवड्यात कुणाला गुपित सांगावं लागत नाही. आपल्या प्रयोगशाळांत आणि नियंत्रण कक्षांत असा कागद करायला नवा कायदा लागणार नाही. विभागप्रमुखाची एक दुपार लागेल.

तोवर हाताशी असलेल्या गोष्टी. शिशाशी संबंध येत असेल तर मूल होऊ देण्याचा विचार सुरू झाला तेव्हाच रक्तातलं शिसं तपासून घ्या, आणि डॉक्टरांना आपलं काम नेमकं सांगा; ‘सरकारी नोकरी’ एवढ्यावर त्यांना काही कळणार नाही. खाण्याआधी हात साबणाने धुवा, सॅनिटायझरने शिसं निघत नाही. आरोग्य केंद्रात चौथ्या महिन्यापासून मिळणाऱ्या कॅल्शियमच्या गोळ्या ड्रॉवरमध्ये ठेवू नका. मेक्सिको सिटीतल्या एका प्रयोगात गरोदरपणी रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम घेतलेल्या बायकांच्या रक्तातलं शिसं सरासरी ११ टक्क्यांनी कमी दिसलं. आणि काम बदलून मागायचं असेल तर तोंडी नको. एका पानाचा अर्ज, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी, आणि आवक क्रमांक टाकलेली प्रत आपल्याजवळ.