चटक, व्यसन आणि वेष्टनावरील इशारा

समोसा आणि जिलबी यांवरही सिगारेटप्रमाणे धोक्याचा इशारा येणार, अशी वार्ता २०२५ च्या जुलै महिन्यात पसरली आणि देशभर थट्टेला ऊत आला. कार्यालयांतून तेल व साखर यांचे प्रमाण दर्शविणारे फलक लावावेत, एवढीच वास्तविक केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची सूचना होती. नागपूरच्या ‘एम्स’च्या उपाहारगृहाचे नाव त्या वार्तेत आल्याने आपल्याकडे तिची चर्चा अधिकच झाली. फेरीवाल्यांच्या पदार्थांवर इशारा लावण्याचा कोणताही आदेश नाही, असा खुलासा अखेर सरकारला करावा लागला. या गदारोळात मूळ प्रश्न मात्र बाजूला पडला. तो कोपऱ्यावरच्या कढईतील समोशाचा नाही. कारखान्यात तयार होऊन रंगीत वेष्टनातून खेडोपाडी पोचणारे वेफर्स, बिस्किटे, नूडल्स आणि शीतपेये यांचा, म्हणजेच ज्याला ‘जंक फूड’ म्हणतात त्याचा आहे. हे पदार्थ व्यसन लावतात काय, आणि त्यांच्या वेष्टनावर इशारा असावा काय?

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला आरंभीच घटत्या सीमांत उपयोगितेचा नियम शिकविला जातो आणि उदाहरण बहुधा अन्नाचेच असते. भुकेल्या माणसाला पहिली भाकरी अमृतासमान वाटते, तिसरी पुरेशी होते आणि पाचवी नकोशी. आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० सालच्या आपल्या ग्रंथात हा नियम मांडताना मद्यासक्तीचा उल्लेख आवर्जून केला होता. ती पुरवावी तितकी वाढते, कारण काळाच्या ओघात पिणारा माणूसच बदलून जातो, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. वेफर्सचे पाकीट भाकरीच्या पंक्तीत बसते की मद्याच्या, हा आजचा प्रश्न आहे.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील केव्हिन हॉल आणि त्यांचे सहकारी यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या बाबतीत बोलका आहे. २० प्रौढांना दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त आणि दोन आठवडे साधे अन्न देण्यात आले. पुढ्यात ठेवलेल्या दोन्ही आहारांत उष्मांक, साखर, स्निग्धांश व मीठ यांचे प्रमाण सारखे होते आणि हवे तितके खाण्याची मुभा होती. तरीही पहिल्या आहारावर माणसे दररोज सुमारे ५०० उष्मांक अधिक खात होती आणि त्यांचे वजन जवळजवळ एक किलोने वाढले. तृप्तीची जी सीमा निसर्गाने घालून दिली आहे ती या पदार्थांपुढे मागे सरकते, असाच याचा अर्थ होतो.

याला व्यसन म्हणावे काय? येल विद्यापीठात २००९ साली अन्नासक्ती मोजण्याची प्रश्नावली तयार झाली. उलट अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली काढलेल्या निदानसूचीत अन्नाच्या व्यसनाला स्थान दिले नाही. मराठीत सवय, चटक आणि व्यसन अशा तीन पायऱ्या आहेत. या पदार्थांनी दुसरी पायरी गाठली आहे हे कोणीही मान्य करील. तिसरीबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत. परंतु व्यसन सिद्ध झाल्याखेरीज इशारा नको, हा युक्तिवाद मुळातच टिकणारा नाही. कीटकनाशकाचे व्यसन कोणालाही लागत नाही. तरीही त्याच्या डब्यावर लाल, पिवळा, निळा वा हिरवा त्रिकोण असतोच. इशाऱ्याचा आधार व्यसन हा नसून हानीची शक्यता आणि ग्राहकाचे अज्ञान हा असतो.

हे अज्ञान ग्राहकाचा दोष नव्हे. विक्रेत्याला मालाची पूर्ण माहिती असते आणि ग्राहकाला ती नसते, तेव्हा बाजार नीट चालत नाही, हे जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली दाखवून दिले. सर्वसाधारण शीतपेयाच्या ३०० मिलिलिटरच्या बाटलीत ३० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे सात-आठ चमचे साखर असते. प्रौढाने दिवसभरात २५ ग्रॅमच्या आतच राहणे अधिक हितावह, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ही माहिती पाठीमागे बारीक अक्षरांत, तीही बहुधा इंग्रजीत छापलेली असते. पाच रुपयांचे पाकीट मुलाच्या हाती देणाऱ्या मजूर मातेने तिचे गणित कधी मांडावयाचे?

चिलीने २०१६ मध्ये आणि मेक्सिकोने २०२० मध्ये पाकिटाच्या दर्शनी भागावर काळी अष्टकोनी इशाराचिन्हे सक्तीची केली. चिलीत त्यासोबत मुलांना उद्देशून होणाऱ्या जाहिरातींवरही बंधने आली, आणि इशारा लागलेल्या पेयांची खरेदी सुमारे चतुर्थांशाने घटल्याचे २०२० च्या एका अभ्यासात आढळले. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने मात्र सप्टेंबर २०२२ च्या मसुद्यात तारांकनाचा प्रस्ताव मांडला. तारा हे शाबासकीचे चिन्ह आहे. साखर भरपूर असली तरी थोडे तंतू वा सुकामेवा घालून गुण मिळविण्याची वाट त्या मसुद्याने मोकळी ठेवली होती. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तज्ज्ञ समितीला तीन महिन्यांची मुदत दिली. पुढे तीही वाढवावी लागली.

आपल्याकडे वेष्टन वाचतो कोण, असा आक्षेप घेतला जातो. शाकाहाराचा हिरवा ठिपका मात्र निरक्षरालाही ओळखता येतो! व्यक्तिस्वातंत्र्याचा मुद्दा अधिक गंभीर आहे. पण इशारा म्हणजे बंदी नव्हे. माहितीवाचून केलेली निवड स्वतंत्र कशी म्हणावी? अर्थात केवळ इशाऱ्याने सारे साधेल, असेही नाही. किंमतही बोलत असते. २२ सप्टेंबर २०२५ पासून शीतपेयांवरील वस्तू व सेवा कर ४० टक्के झाला, तर बिस्किटे, चॉकलेट आणि पाकिटबंद फरसाण यांवरील कर ५ टक्क्यांवर आला. करकपातीने घरखर्चाला दिलासा मिळतो, हे खरे. परंतु किंमत ‘खा’ म्हणत असेल, तर निदान वेष्टनाने तरी ‘जपून’ म्हणावयास हवे.

देशात मधुमेहाचे सुमारे १०.१ कोटी रुग्ण असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या औषधपाण्याचा खर्च पाकिटाच्या किमतीत धरलेला नसतो. तो कुटुंबांवर आणि सरकारी रुग्णालयांवर पडतो. चटक की व्यसन, हा वाद वैद्यकशास्त्राने सावकाश सोडवावा. साखर, मीठ आणि चरबी जास्त असल्याचे पाकिटावर ठळकपणे सांगण्यास त्या निर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही.