कागदावरचा वेग आणि कामाचा वेग
दोन ग्राफिक्स कार्डांचा एका कापड व्यापाऱ्याने मांडलेला हिशेब

कापडाचा नमुना आता आधी पडद्यावर तयार होतो आणि मग मागावर किंवा छपाईला जातो. म्हणून चांगला संगणक ही आपल्या धंद्याचीही गरज झाली आहे. या संगणकात एक भाग असा आहे की, त्यावर पैसा बराच जातो आणि त्याविषयी आपल्याला माहिती मात्र फार थोडी असते. हा भाग म्हणजे ग्राफिक्स कार्ड.

२०२३ साली आम्हाला तयार कपड्यांचे त्रिमिती नमुने गिऱ्हाइकाला दाखवण्यासाठी संगणक घ्यायचा होता. आमच्यापुढे दोन कोटेशने आली. एकात एनव्हिडिया कंपनीचे आरटीएक्स ३०६० हे कार्ड होते, दुसऱ्यात त्याच कंपनीचे आरटीएक्स ४०६०. दुकानदार म्हणाला, "शेठ, ४०६० घ्या. माल नवीन आहे आणि आकडाही मोठा आहे." आम्ही कापडाचा तागासुद्धा उलगडून पाहिल्याशिवाय घेत नाही. तेव्हा हा आकडा कुठून येतो ते आधी समजून घ्यायचे ठरवले.

आकडा कसा निघतो?

कार्डाची ताकद टेराफ्लॉप्स या मापात सांगतात. एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी हिशेब. हे कोणी मोजून पाहिलेले काम नव्हे, हा साधा गुणाकार आहे. कार्डात हिशेब करणारे हजारो छोटे घटक असतात, त्यांना कोअर म्हणतात. कोअरची संख्या, प्रत्येकाचे एका ठोक्यातले दोन हिशेब आणि सेकंदाचे ठोके यांचा गुणाकार केला की आकडा तयार.

३०६० मध्ये ३५८४ कोअर आहेत आणि वेग सुमारे १.७८ गिगाहर्ट्झ. गुणाकार येतो १२.७ टेराफ्लॉप्स. ४०६० मध्ये कोअर कमी, म्हणजे ३०७२, पण वेग २.४६ गिगाहर्ट्झ. गुणाकार येतो १५.१. म्हणजे नवे कार्ड कागदावर सुमारे १९ टक्के पुढे.

यंत्रमागवाल्याला हे लगेच उमगेल. एका कारखान्यात माग जास्त पण चाल मंद, दुसऱ्यात माग कमी पण चाल जलद. मागांची संख्या गुणिले मिनिटाचे फटके, हे झाले कागदावरचे उत्पादन. पण धागा तुटतो, कांडी संपते, बीम बदलावा लागतो, लाईट जाते. कागदावरचा आकडा ही फक्त कमाल मर्यादा असते. कार्डाचेही तसेच आहे.

याचा मोठा दाखला त्याच कंपनीच्या मालात आहे. २०१९ मधल्या आरटीएक्स २०६० चा आकडा ६.५ टेराफ्लॉप्सच्या आसपास होता. २०२१ मध्ये ३०६० आले आणि आकडा जवळजवळ दुप्पट झाला. प्रत्यक्ष खेळांच्या चाचण्यांत मात्र वेग दुपटीच्या जवळपासही गेला नाही. कारण नव्या रचनेत वाढवलेल्या कोअरना दुसऱ्या प्रकारचे हिशेबही सांभाळावे लागतात. ते काम आले की टेराफ्लॉप्समध्ये धरलेले काम तेवढ्यापुरते थांबते.

गोदाम आणि त्याचा दरवाजा

हिशेब करणाऱ्यांना माल पुरवावा लागतो. तो कार्डाच्या मेमरीत असतो. मेमरी म्हणजे गोदाम. ३०६० चे गोदाम १२ जीबीचे, ४०६० चे फक्त ८ जीबीचे. गोदामाचा दरवाजा जुन्याचा १९२ बिट रुंद, नव्याचा १२८ बिट. त्यातून सेकंदाला जुन्या कार्डात ३६० जीबी माल ये-जा करू शकतो, नव्यात २७२ जीबी. इथे नवे कार्ड सुमारे २४ टक्के मागे आहे.

कंपनीने ही उणीव दुसरीकडून भरून काढली. हाताशी लागणारा माल गादीमागच्या फळीवर ठेवावा, तशी चिपमध्येच थोडी जलद मेमरी असते. ती ३ वरून २४ एमबी केली. त्यामुळे गोदामाच्या फेऱ्या कमी होतात. कंपनीने ४०६० चा वेग ३०६० पेक्षा सुमारे २० टक्के जास्त सांगितला होता. याशिवाय ७० टक्क्यांचा आकडाही जाहिरातीत होता, पण त्यात कार्डाने दोन चित्रांच्या मध्ये स्वतः तयार करून भरलेली चित्रे धरली होती. खेळात त्यांचा उपयोग होतो, नमुना तयार करण्याच्या कामात नाही.

फळी मोठी असली तरी गोदामाची जागा वाढत नाही. त्रिमिती कामाचा हिशेब पाहा. ८१९२ गुणिले ८१९२ ठिपक्यांचे चित्र दाबून लहान न करता ठेवले तर २५६ एमबी जागा घेते. एका कापडासाठी रंग, वीण, चमक आणि उठाव अशी चार चित्रे धरली की १ जीबी झाली. आठ कापडांत ८ जीबीचे गोदाम भरले, आणि पडद्याला लागणारी जागा अजून धरलेलीच नाही. गोदाम भरले की माल संगणकाच्या साध्या मेमरीतून आणावा लागतो आणि काम रखडते, किंवा प्रोग्राम बंदच पडतो. तिथे १५ टेराफ्लॉप्स काही कामाचे नाहीत.

नाव एक, माल दोन

इथे एक धोका आहे. २०२२ च्या अखेरीस ३०६० याच नावाने ८ जीबीचे कार्डही बाजारात आले. त्याचे कोअर ३५८४ च, टेराफ्लॉप्स १२.७ च. पण दरवाजा १२८ बिटचा आणि मालाची ये-जा ३६० ऐवजी २४० जीबी. टेराफ्लॉप्स पाहून हा फरक कधीच कळणार नाही. आमच्या कोटेशनवर नुसते '३०६०' लिहिले होते. आम्ही दुकानदाराकडून मेमरी लिहून मागितली तेव्हा ते ८ जीबीचेच निघाले. न विचारता पैसे मोजले असते तर १२ जीबीच्या भरवशावर दोन तृतीयांश माल घरी आला असता.

विजेचा खर्चही धरा

३०६० पूर्ण भारावर १७० वॅट घेते, ४०६० ११५ वॅट. फरक ५५ वॅटचा. रोज आठ तास पूर्ण भार आणि वर्षाचे ३०० दिवस धरले तर १३२ युनिट होतात. आपल्या बिलातल्या दराने गुणून पाहावे.

जुन्या संगणकात कार्ड बसवणाऱ्यांनी आणखी एक पाहावे. संगणकाशी बोलायला ३०६० कडे १६ वाटा आहेत, ४०६० कडे ८. जुन्या तिसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेस खाचेत ४०६० ची ये-जा ३०६० च्या निम्मी राहते. मेमरी भरल्यावर हे जास्तच जाणवते.

मग घ्यावे कोणते?

ज्यांचे काम साड्यांची बुट्टी, किनार, छपाईचे रंग वेगळे करणे एवढेच आहे, त्यांना यातले कोणतेही कार्ड गरजेचे नाही. तो पैसा चांगल्या पडद्यावर आणि संगणकाच्या मेमरीवर लावावा. ज्यांचे त्रिमिती काम ८ जीबीत आरामात बसते, त्यांना ४०६० बरे. वेग जास्त, वीज कमी. ज्यांचे काम त्यापुढे जाते, त्यांना १२ जीबीचे ३०६० आकड्याने लहान असूनही जास्त उपयोगी. आम्ही शोधून तेच घेतले.

२०२५ मध्ये आरटीएक्स ५०६० आले, तेही ८ जीबीचेच. पुढेही नवी नावे आणि मोठे आकडे येत राहतील. व्यापारी बांधवांनी आपली सर्वांत जड फाईल घेऊन दुकानात जावे, ती समोर उघडून पाहावी आणि बिलावर कार्डाच्या नावाबरोबर मेमरीचा आकडा लिहून घ्यावा. कापड घेताना आपण पन्हा आणि वजन पाहतो, नुसत्या लेबलावर भाव ठरवत नाही. इथेही तीच सवय ठेवावी.